आठची जागा, दहा अक्षरं

३ फेब्रुवारी

चिमे,

त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा लवकर आलं होतं. मी पिंप भरलं, दोन बादल्या भरल्या, भाजी चिरली. दूध उतू जाता जाता वाचलं. तुझा निळ्या झाकणाचा डबा आणि ह्यांचा कडीचा डबा ओट्यावर शेजारी शेजारी होते. हे दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले, यंत्राच्या एका जुन्या पंच-कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुझ्या बहिणीला दे. आजच दे. सांग तिला, आता आठ नाही, दहा."

तू पडद्यापलीकडे केस विंचरत होतीस. तुला ते ऐकू गेलं असेल, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी धरून बसले होते. पण नळ चालू होता. मीच चालू ठेवला होता.

माझे हात ओले होते. डब्याचं झाकण अजून लावायचं होतं. मी कार्ड दोन बोटांच्या टोकांत धरलं आणि ओट्यावरच्या माझ्या पुस्तकात ठेवलं. दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती ती, शंभर पानं झाली होती. मग दाराशी दूधवाला आला, मग तुला उशीर झाला म्हणून तू डबा उचलून पळालीस. मी विसरले.

एवढंच लिहायला मला तेवीस वर्षं लागली.

आज लिहिण्याचं कारण असं. मंगळवारी परीक्षा मंडळातून एक अधिकारी बाई घरी आल्या होत्या. जुनं मोठं यंत्र बंद होणार आहे. त्यावरचे सगळे प्रोग्राम नव्या यंत्रावर न्यायचे आहेत. ह्यांनी असेम्बलर भाषेत लिहिलेल्या कामाचे कागद घरी आहेत का, ते विचारायला आल्या होत्या. मी चहा केला. बाई तशा मोकळ्या आहेत. म्हणाल्या, "तुमच्या यजमानांचे प्रोग्राम वाचणारं आता कुणी नाही हो. आणि त्यांना हाक मारणारे कोबॉल भाषेतले प्रोग्राम आहेत, ते समजणारीही माणसं नाहीत. एका बाईंचा अर्ज आलाय, पूर्वी इथेच होत्या. काम चोख, असं जुनी माणसं सांगतात. पण फाइलवर शेरा आहे."

मी विचारलं, "कसला शेरा?"

"लेखी सूचना मिळूनही दुर्लक्ष केले. असा. पंचवीस तारखेला बैठक आहे. हा शेरा असताना समिती काय घेतेय त्यांना?"

चिमे, ती माझी बहीण आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही. मी विचारलं, अजून थोडी साखर घालू का.

ताई


९ फेब्रुवारी

चिमे,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. हे गेले तेव्हा तू दोन ओळी पाठवल्या होत्यास. चार वर्षं मी त्याच पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. मला दोन ओळी पुरतात.

पण मागच्या पत्रात मी "विसरले" असं लिहिलं, ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. तर ऐक.

मी विसरले ते दुपारी साडेबारापर्यंत. साडेबाराला जेवून पुस्तक उघडलं, तर खूण म्हणून तेच कार्ड. वेळ होता. घरापासून मंडळाचं ऑफिस चालत पंधरा मिनिटं. ऊन होतं, पण ऊन मला कधी नडलेलं नाही. मी कार्ड उलटसुलट केलं, पुढचं पान वाचायला घेतलं आणि कार्ड पुन्हा त्यातच ठेवलं.

का, ते सांगते.

तुम्हा दोघांचा अबोला तेव्हा आठ महिन्यांचा झाला होता. साहेबांपुढे हे काय बोलले ते तुला आठवत असेल. "हिचा प्रोग्राम म्हणजे बोलघेवडी शेजारीण. मीठ मागायला येते आणि तासभर बसते." आणि तू म्हणालीस, "भाऊजी, तुमचा मुखदुर्बळ. पोटात दुखलं तरी बोलायचा नाही, सरळ मरून पडेल." सगळे हसले. साहेबही हसले. हे हसले नाहीत.

मग आपल्या घरात काय चाललं होतं ते आठव. एका टेबलाशी तिघं जेवायचो.

"ताई, भाऊजींना सांग, पंखा जरा कमी करा."

"तिला सांग, बटण तिच्याच डोक्यामागे आहे."

मी हसायचे. बाहेरच्यांना सांगायचे, आमच्याकडे दोन राजे आणि एक वकील. ऑफिसचं कामसुद्धा माझ्या हातून जायचं. ह्यांनी कार्डावर लिहायचं, मी तुझ्या डब्याच्या झाकणाखाली ठेवायचं. तू पाठीवर उत्तर लिहून डब्यातूनच परत पाठवायचं. मंडळात समोरासमोर टेबलं असून निरोप माझ्या स्वयंपाकघरातून फिरून जात होते. एकदा मी तुला विचारलं, "हे आठ, दहा, पत्ता, जागा, म्हणजे काय गं असतं?" त्या कार्डाच्या आदल्याच दिवशी. तू घाईत होतीस. म्हणालीस, "तुला काय करायचंय त्यातलं, ताई. तू फक्त पोचव."

मनावर घ्यावं असं ते नव्हतंच. पण आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि तू पाळण्यात. शाळा सुटली ती माझी. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मी वाचत राहिले, तुझ्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता तीच पुस्तकं वाचली. तुला शिकवलं याचा मी कधी हिशोब मांडला नाही असं सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी साडेबाराला मी तो मांडला. म्हटलं, राहू दे एक दिवस. एक दिवस निरोप नाही पोचला तर कळेल दोघांनाही, मधे कोण आहे ते.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा द्यायचं, असं ठरवलं होतं. संध्याकाळी तू हसत आलीस. म्हणालीस, "ताई, निकालाची छपाई उद्यावर आणली. आजच सगळं चालवून पाहिलं, एकही चूक नाही." मला वाटलं, मग झालंच की. मग त्या कार्डाचं काय एवढं.

ताई


१५ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पोस्टकार्ड परवा मिळालं. "कार्डावर तारीख आहे का?" तू तशीच आहेस अजून.

आहे. ह्यांच्या अक्षरात नऊ मे. खाली लिहिलंय: नवीन केंद्रांचा बैठक क्रमांक दहा अक्षरांचा येईल. जागा आठची आहे, ती दहाची करावी.

आणि तू चालवून पाहिलंस तेव्हा चूक का दिसली नाही, तेही मला आता समजतं. तू जुन्या सहा केंद्रांची मुलं घेऊन पाहिलंस. त्यांचा क्रमांक आठ अक्षरांचाच होता.

मला कसं समजतं, असं तू म्हणशील. हे गेल्यावर खाटेखालची ट्रंक मी उघडली. कागदांचे गठ्ठे आणि त्यांच्या वह्या. मी आधी त्यांचं अक्षर बघायला म्हणून वह्या वाचल्या. मग वह्यांतलं समजेना म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणली. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "आजी, या वयात?" मी म्हटलं, "वय माझं झालंय, पुस्तक तर कोरंच दिसतंय." खरंच, बारा वर्षांत कुणी नेलं नव्हतं ते. तीन वर्षं गेली. तुझं कोबॉल मला लवकर आलं. ते खरोखरच वाक्यांत बोलतं. ह्यांचं फार जड गेलं.

पण मी शिकले ते आवडीने नव्हे. मला काहीतरी सापडायला हवं होतं. चूक दुसऱ्याच कुणाची होती, कार्ड पोचलं असतं तरी तेच झालं असतं, असं कुठेतरी लिहिलेलं असेल म्हणून मी शोधत होते.

तसं लिहिलेलं नाही. तुझा प्रोग्राम त्यांच्या प्रोग्रामला हाक मारतो आणि बैठक क्रमांक कुठे लिहायचा ती जागा दाखवतो. हाकेबरोबर जागेचा पत्ता तेवढा जातो. जागा केवढी आहे, ते जात नाही. त्यांचा प्रोग्राम विचारत नाही, तुझा सांगत नाही. ते आधीच एकमेकांना सांगून ठेवायचं असतं. तू आठची जागा दिली होतीस. त्यांनी दहा अक्षरं लिहिली. शेवटची दोन बाहेर सांडली ती शेजारच्या जागेवर, आणि शेजारी गणिताचे गुण होते. शेवटची दोन अक्षरं म्हणजे केंद्राचा आकडा. म्हणून सात नंबरच्या केंद्रात प्रत्येकाला गणितात सात, आठ नंबरला आठ, नऊला नऊ. पन्नासपैकी. तीनशे बारा मुलं नापास.

निकाल दुरुस्त व्हायला अकरा दिवस लागले. त्यात मंडळाच्या फाटकाशी एक सुतार रोज येऊन उभा राहायचा, कानावर पेन्सिल तशीच. त्या दिवसांत मी ह्यांचा डबा दुपारी मागून द्यायला गेले की मला विचारायचा, "आत कुणाशी बोलता येईल का हो? माझी पोरगी गणितात कच्ची नाही." रोज तेच, आवाज न चढवता. मी म्हणायचे, मी फक्त डबा देते.

तो खरं बोलत होता. तिला सेहेचाळीस होते. पण तोवर तिला ज्या शाळेत जायचं होतं तिथल्या जागा भरल्या होत्या.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी मला विचारलं, "दिलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत तू, हे आणि मी. साहेब म्हणाले, "वहिनी, फक्त हो की नाही ते सांगा. ती सूचना हिच्यापर्यंत पोचली होती?"

मला नुसतं हो म्हणून भागलं असतं. मी म्हटलं, "हो. निळ्या डब्याच्या झाकणाखाली ठेवली होती. मी झाकण लावलं तेव्हा हिनेच विचारलं, काय आहे म्हणून." हे एवढं जास्तीचं खोटं कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग साहेबांना म्हणालीस, "ताई म्हणते तर दिलं असेल. माझ्याकडूनच कुठेतरी गेलं."

तेव्हा मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला टोचून बोलते आहेस. चोराच्या मनात चांदणं. महिनाभरात तू नोकरी सोडून, मागची खोली रिकामी करून गेलीस, पत्रं लिहिली नाहीस, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. तू माझ्यावर रागावून गेलीस असं मी धरलं. त्याने मला बरं वाटायचं. फिटंफाट झाल्यासारखं.

आता शेवटचं. हे मला गेल्या वर्षी सापडलं आणि मी ते पुन्हा ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं.

ह्यांनी चौकशीनंतर नवव्या दिवशी आपला प्रोग्राम बदलला. आता हाक मारणाऱ्याने जागेबरोबर तिची लांबीही सांगायची, आणि ती कमी असेल तर काही न लिहिता परत फिरायचं. पानावर वर यंत्रानेच छापलेली तारीख आहे. बदललेल्या ओळींच्या डोक्यावर त्यांनी एक टिपण घातलंय. यंत्र टिपण वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. लिपी इंग्रजी, भाषा आपली. "चिठ्ठी घरातच राहिली. यापुढे लांबी विचारून मगच लिहावे."

चिमे, त्यांना माहीत होतं. पुस्तक ओट्यावरच असायचं. त्यांनी ते कधी उघडलं, मला ठाऊक नाही. नंतर एकोणीस वर्षं माझ्या हातचं जेवले, आजारपणात मी अंग पुसून द्यायचे, आणि एकदाही काही बोलले नाहीत. तू जाताना घराच्या फाटकापर्यंत तुझी ट्रंक उचलून मात्र त्यांनीच नेली होती. मला तेव्हा वाटलं, अबोला सुटला. ते तुला काही म्हणाले का गं?

ताई


२२ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र वीस तारखेला दुपारी आलं. चार पानं. मी दारातच उभी राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं.

तू लिहिलंस, "मी रागावून गेले नव्हते, ताई. मला लाज वाटली म्हणून गेले. तू कधी खोटं बोलली नव्हतीस, म्हणजे कार्ड मीच हरवलं. ते मी अजून शोधते. शिवणाच्या दुकानात कात्री हातात असताना मला त्या टेबलाचा डावीकडचा खण दिसतो. मी तो तेवीस वर्षं उपसतेय."

 तू माझा राग करत होतीस, एवढं एक गृहीत धरून मी जगले होते. तेही माझ्याकडे राहिलं नाही.

फाटकाशी हे तुला "सांभाळून जा" एवढंच म्हणाले, असं तू लिहितेस. आणि ट्रंक खाली ठेवल्यावरही ते उभेच राहिले होते. बोलायचं असलं की ते असेच उभे राहायचे. मुखदुर्बळ तू प्रोग्रामला म्हणाली होतीस.

शेवटी तू लिहिलंस, "ऑफिसात जा, असं मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू ते पोचवशील, आणि मग तेही पोचवणंच झालं. तुझं तू ठरव. आणि मला इतक्यात भेटायला येऊ नकोस."

येणार नाही.

वीस तारखेची ती दुपार मी काय विचार केला, तेही लिहिते. नुसतं कार्ड नेलं तर? पण कार्डावर पेन्सिलीचं अक्षर. समिती म्हणेल, बहिणीसाठी काल बसून लिहिलं असेल. टिपणाचा कागद बरोबर असला तरच ते खरं ठरतं, कारण त्यावरची तारीख यंत्राची आहे. आणि तो कागद दिला की ह्यांचं नावही जातं. मंडळात नव्या भरतीच्या मुलांना शिकवतात त्या खोलीत त्यांचा फोटो आहे, खाली "निर्दोष कामाची तीस वर्षे" असं लिहिलंय. मी दर वर्षी जाऊन तो पुसते. ज्याने मला वाचवलं त्याला मी त्या कागदाने उघडं पाडणार, हे मला कुठल्याही बाजूने बरोबर दिसेना. मग वाटलं, त्यांनी मला वाचवलं ते तुझ्या जिवावर. ते टिपण त्यांनी फाडलं नाही, पुसलं नाही, छापून ट्रंकेत ठेवलं. कुणी वाचू नये असं वाटणारा माणूस असं करत नाही. पण ही माझी समजूत. त्यांना विचारता येत नाही.

त्यांच्या एका वहीत पहिल्याच पानावर एक नियम आहे. दुसऱ्याने हाक मारून बोलावलं की आधी त्याच्या वस्तू त्याने दिलेल्या जागी नीट ठेवायच्या, मग आपलं काम करायचं, आणि परत जाताना एकेक वस्तू होती तशी त्याच्या हातात द्यायची. सगळे प्रोग्राम असं करतात, कुठल्याही भाषेतले असोत. मी ते पान उघडं ठेवून बसले होते. तुझं काय काय माझ्याकडे राहिलंय, त्यातलं किती परत देता येण्यासारखं आहे, ते बघत. फार थोडं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं. भाजी चिरली नाही. दीपगृहाच्या पुस्तकातून कार्ड काढलं, ट्रंकेतून तो कागद काढला, दोन्ही पिशवीत घातले आणि चालत ऑफिसात गेले. पंधरा मिनिटं लागली. अधिकारी बाईंच्या टेबलावर दोन्ही ठेवले, ती माझी बहीण आहे असं सांगितलं, आणि त्यांनी दिलेल्या कागदावर मी त्या वेळी साहेबांना खोटं सांगितलं, असं लिहून खाली सही केली.

ताई